कोडासाठी सात महिने स्टिरॉइडच्या गोळ्या: वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात बोटांवरचे पांढरे डाग पसरू लागले आणि परकराची नाडी जिथे घट्ट बसते त्या कमरेच्या पट्ट्यावरही नवे उमटले, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांनी बेटामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केले. आठवड्यातून सलग दोनच दिवस ५ मिलिग्रॅम घ्यायचे आणि पाच दिवस विश्रांती, ही पद्धत दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी पुढे आणली. रोजच्या स्टिरॉइडचे दुष्परिणाम टाळणे हा तिचा हेतू. अर्ध्या मिलिग्रॅमच्या दहा इवल्याशा गोळ्या मी शनिवारी आणि रविवारी नाश्त्यानंतर तळहातावर मोजून घेत असे.

दुष्परिणाम कमी होतात, पण टळत नाहीत, हे पहिल्याच रविवारी कळले. रात्री तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. त्या दोन दिवसांत जेवून उठले तरी भूक शमत नसे. तिसऱ्या महिन्यापर्यंत वजन चार किलोंनी वाढले, गाल सुजल्यासारखे दिसू लागले, पाठीवर पुरळ आले आणि पाळी अकरा दिवस लांबली.

मला सर्वांत जास्त लागली ती साखरेची गोष्ट. माझ्या आईला मधुमेह होता; हे मला कोणी विचारले नाही आणि मलाही सांगायचे सुचले नाही. उपाशीपोटीची साखर ९६ आल्याने मी निर्धास्त होते, परंतु सकाळी घेतलेले स्टिरॉइड मुख्यतः दुपारच्या जेवणानंतरची साखर चढवते, आणि गोळीच्या दिवशी जेवणानंतर दोन तासांनी तपासली तेव्हा ती १९२ निघाली. ही तपासणी, तसेच रक्तदाब आणि डोळ्यांतील दाब, गोळ्या सुरू करतानाच मागून घ्यावी, असे मी कळकळीने सांगेन.

डागांचे पसरणे दुसऱ्या महिन्याअखेर थांबले, आणि त्यासाठी मी या औषधाची ऋणी आहे. रंग मात्र ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या प्रकाशोपचारानंतरच परतू लागला: कमरेवर प्रत्येक लवेच्या मुळाशी मोहरीएवढा तपकिरी ठिपका. बोटांच्या टोकांना लवच नसते, तिथे काही उमटले नाही.

चेहरा पाहून घरच्यांनी गोळ्या तडकाफडकी सोडायला सांगितले होते. शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार होणे मंदावलेले असू शकते, म्हणून डॉक्टरांनी चौथ्या महिन्यापासून दरमहा १ मिलिग्रॅम उतरवत नेले. शेजारच्या एका ताईंनी मुलीसाठी माझी चिठ्ठी मागितली. ती मी दिली नाही, त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले.

गोळ्या बंद होऊन आता तीन महिने झाले. गाल उतरले, पाळी वेळेवर येते, साखर जेवणानंतर १२८ आहे. वाढलेल्या वजनातले दोन किलो अजून अंगावर आहेत.