सायकल्समधले ढग: काही महिने वापरल्यावर

आधीच्या रेंडररचं (थ्रीडी सीनचं चित्र काढून देणारा प्रोग्रॅम) वर्षाचं भाडं यंदा इतकं वाढलं की वैतागून ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स या रेंडररवर आलो. कामं बहुतेक ढगांची आणि धुक्याची. फुकटच्या वस्तूबद्दल कुरकुर करू नये म्हणतात, पण लाइट पाथ्सच्या सेटिंगमधला व्हॉल्यूम बाउन्सचा (उजेड ढग-धुक्यात पहिल्यांदा वळल्यावर आणखी किती वेळा वळू द्यायचा, तो) आकडा मुळात ० का ठेवलाय, हे मला कोणीतरी सांगा!

० म्हणजे उजेड ढगात एकदाच विखुरणार. खऱ्या ढगातले थेंब तो जवळजवळ शोषतच नाहीत, शेकडो वेळा इकडून तिकडे वळवतात, म्हणून तर ढग पांढरा. इथे सूर्य कितीही प्रखर करा, एसटीच्या नळकांड्यातला धूरच दिसणार. मग माणूस डेन्सिटी उतरवतो, लाइट चढवतो, आणि ढगाचा घट्टपणा जातो. बरं, व्हॉल्यूमचा आकडा ३२ केला तरी वर ‘टोटल’, म्हणजे सगळ्या बाउन्सची एकूण मर्यादा, १२ वरच बसलेलं असतं. तेही वाढवा. इतकं करूनही फरक पडला नाही, तर ॲनिसोट्रॉपी (विखुरलेला उजेड पुढच्या दिशेला किती झुकतो, तो आकडा) ० वर आहे का बघा, ढगाला ०.८च्या आसपास लागते.

दुसरी तक्रार स्टेप रेटची होती, म्हणजे रेंडरर ढगातून किती मोठी पावलं टाकत मोजत जातो त्याची. मोठा ठेवला तर पातळ कडा गायब, लहान केला तर रात्रभर पंखा घरघरतो आणि विजेचं बिल वेगळंच. ती मात्र मागे घेतोय. ब्लेंडर ५.० मध्ये ठरावीक पावलं टाकणं गेलं आणि नल स्कॅटरिंग आलं: ढगात खोटे कण भरून तो सगळीकडे सारखाच दाट धरायचा, आणि टक्कर खऱ्या कणाशी की खोट्याशी हे दर वेळी फाशांवर सोडायचं. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनसाठी वुडकॉक मंडळींनी १९६५ साली वापरलेली युक्ती! कडा आता न मागता येतात.

नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, मात्र आहे. ते पुसणारा डीनॉइझर लावला की ढगावरचे बारीक फुगवटे पुसले जातात, म्हणून सॅम्पल्स (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) वाढवतो. माझं ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं. डिस्नेने मोफत दिलेल्या ढगाच्या फाइलची पाव आवृत्ती चाचणीला पुरते; प्रत्येक बाजूने पाव, म्हणजे व्हॉक्सेल (ढग ज्यांचा बनतो ते बारीक ठोकळे) साधारण चौसष्टावा हिस्सा. पूर्ण फाइल फक्त शेवटच्या फ्रेमला.

विरळ धुक्याला अजून ‘बायस्ड’ या पर्यायावर टिचकी मारून पावलांची जुनीच पद्धत वापरतो. माझ्या सीनमध्ये तीच लवकर आवरते.