वर्षभराचं फोटोबुक करून घेतलं, त्यात भाचा आधी चालला आणि मग रांगला

गेलं वर्ष आमच्याकडे जरा जास्तच भरगच्च गेलं. भाचा रांगायला लागला आणि वर्ष संपेपर्यंत चालायलाही लागला, लेकीचे पुढचे दोन दात पडले, त्याच महिन्यात ती फ्लोट सोडून पोहायला लागली, वहिनीने एकदाचं ड्रायव्हिंग लायसन काढलं, आई रिटायर झाली, आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली, बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि या सगळ्याच्या मधे आम्ही आठही जण एकत्र समुद्रावर जाऊन आलो. आठ जणांच्या सुट्ट्या एकत्र जुळणं हा खरंतर वेगळा माइलस्टोन आहे पण असो.

तर हे सगळं चार फोनमधे पसरलेलं होतं, मोजले तर चार हजारांच्या वर फोटो. दादा म्हणाला पुस्तक करूया. मग ऑनलाईन फोटोबुक करून देणारी एक सर्व्हिस घेतली. नाव लिहीत नाही कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या आमच्याच चुका आहेत. आम्ही घेतलं ते 12 बाय 12 इंच, 60 पानं, मॅट पेपर, लेफ्लॅट बाइंडिंग.

आधी चांगलं सांगते. लेफ्लॅट म्हणजे पुस्तक उघडलं की दोन्ही पानं टेबलावर सपाट पडतात, मधे घडीत काही गिळलं जात नाही. साध्या बाइंडिंगमधे दोन पानांवर पसरलेल्या फोटोत बरोबर मधे उभा असलेला माणूस जातो घडीत, आणि आमच्याकडे मधे नेहमी आई असते, म्हणून यावर मी अडूनच बसले होते. पानं जाड आहेत, लहान मुलाने ओढली तरी निघत नाहीत, भाच्याने रीतसर टेस्ट केलंय. मॅटचा निर्णय पण बरोबर ठरला. ग्लॉसी दिसायला झगझगीत असतं पण दिव्याखाली चमकतं आणि प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो, आमच्याकडे बोटं 80.

आता गोंधळ.

त्यांच्या साईटवर एक ऑटोफिल बटन आहे. फोटो टाका, बटन दाबा, पुस्तक तयार. आम्ही दाबलं. तारखेप्रमाणे लावतो म्हणाला आणि लावलं, पण पुस्तकात भाचा 14व्या पानावर चालतोय आणि 51व्या पानावर रांगतोय. वहिनी हसून हसून बेजार. कारण नंतर कळलं. फोनने काढलेल्या फोटोच्या फाईलमधेच तारीख-वेळ लपवून लिहिलेली असते, तिला एक्झिफ म्हणतात, आणि व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की ही माहिती काढून टाकली जाते. रांगण्याचे फोटो दादाने मला डिसेंबरात ग्रुपवर टाकले, म्हणजे बिचाऱ्या ऑटोफिलसाठी भाचा डिसेंबरात रांगला. चालण्याचे माझ्याच फोनमधले होते, ते आपल्या जागी नीट बसले. लेकीचं तर एका पानावर दात पडलेत आणि पुढच्या पानावर परत आलेत.

तारखेपेक्षा मोठं नुकसान क्वालिटीचं. छपाईला इंचाला 300 पिक्सेल (फोटोतले बारीक ठिपके) धरतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो बहुतेक वेळा लांबीला 1600 पिक्सेलपर्यंत आकसतो, म्हणजे भागिले 300 करा, साडेपाच इंचसुद्धा नाही. आणि आम्ही तो 12 इंचाच्या पानभर लावलेला. साईटने कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण दाखवला होता, इशारा होता तो, आम्हाला वाटलं डिझाईन आहे. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी येते, तारखेसकट. हे एक वाक्य जरी कोणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन रविवार वाचले असते.

दुसरी गोष्ट माप. उघडं पुस्तक 24 बाय 12, म्हणजे रुंदी उंचीच्या दुप्पट. फोनचा फोटो असतो 4 ला 3. आमचे 12 मेगापिक्सेलवाले, 4032 बाय 3024. तो दोन पानांवर पसरवला की उंचीतले 3024 पैकी 2016च उरतात, म्हणजे फोटोचा एक तृतीयांश भाग कापला जातो! आठ जणांच्या ग्रुप फोटोत एकतर दादाचं डोकं जाणार नाहीतर मुलांचे पाय. (दादाचं डोकं घालवायचं असं बहुमताने ठरलं होतं, शेवटी तो फोटो एकाच पानावर घेतला.) पिक्सेलही तिथे इंचाला 168च पडतात, पण ते चालून जातं कारण एवढा मोठा फोटो कोणी नाकाला लावून बघत नाही. ज्यांच्याकडे ट्रिप अजून व्हायची आहे त्यांनी ग्रुप फोटो काढताना चार पावलं मागे जा, वर-खाली भरपूर मोकळं सोडा.

लग्नाचा जुना फोटो मात्र सुंदर आला. तो दादाने फोनने न काढता 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन केला. 4 बाय 6 इंचाचा होता, त्यामुळे दुप्पट मोठा करूनही धूसर झाला नाही. फोनने फोटोचा फोटो काढला की त्यात हमखास ट्यूबलाईट येते.

आता माझा खरा राग. ऑटोफिल फोटो "निवडतो" पण. आणि त्याने जो पहिल्याच झटक्यात बाजूला टाकला तो आमचा वर्षातला सगळ्यात लाडका फोटो.

झालं असं की ट्रिपला गेलो तेव्हा बाबांच्या एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदूने डोळ्यातली लेन्स पिवळट होत जाते, माणसाला कळतही नाही, आणि नवीन लेन्स बसली की निळा रंग एकदम निळा दिसायला लागतो. तर बाबा पाण्याच्या कडेला उभे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि तळहाताने आधी डावा डोळा झाकतायत, मग उजवा, मग परत डावा. आईने विचारलं काय चाललंय, तर म्हणाले, "अगं हा डोळा जुना फोटो आहे, हा नवीन." मी तेवढ्यात क्लिक केलं. एक डोळा झाकलेला, दुसरा वाऱ्याने बारीक झालेला, तोंड उघडं. मशीनने बहुतेक डोळे मिटलेत असं समजून कचऱ्यात टाकला. आणि त्याऐवजी आईचे ओळीने चार एकसारखे फोटो घेतले ज्यात ती कॅमेऱ्याकडे बघून पासपोर्टसारखी हसतेय.

मग मी ऑटोफिल अख्खं पुसलं आणि हाताने लावलं, चार हजारांतून 212 फोटो. यात मजाही आली हे कबूल करते. नवरा आणि मी रात्री बसायचो, हा ठेव तो काढ, पोहण्याचे नुसते 90 फोटो होते आणि सगळ्यात फक्त टोपी दिसतेय, त्यातला एकच ठेवला. आईच्या सेंड-ऑफचे सगळे अंधारे निघाले. ते जरा उजळ करून टाकले, ते बरं झालं, कारण स्क्रीन मागून उजेड मारते आणि कागद नाही, त्यामुळे फोनवर ठीक दिसणारा फोटो छापून थोडा काळपटच येतो.

पुस्तक आलं. पॅकिंग उत्तम, कोपरे शाबूत. सगळे सोफ्यावर कोंबून बसलो आणि कव्हर बघून शांतता. आम्ही लिहिलं होतं "आमचं वर्ष". छापून आलं "आमचं वर्‌ष". रफार गायब, र चा पाय मोडलेला, ष वेगळा. आत "पहिला दात" मधली वेलांटी ह ओलांडून पलीकडे जाऊन बसलेली. स्क्रीनवर प्रीव्ह्यूत सगळं व्यवस्थित होतं हो! कारण तिथे अक्षरं ब्राउझर जोडतो, छपाईच्या फाईलमधे यांचं सॉफ्टवेअर जोडतं, आणि त्याला जोडाक्षरं जोडता येत नाहीत. कस्टमर केअरचं उत्तर, प्रीव्ह्यू तुम्ही अप्रूव्ह केलात, बदलून मिळणार नाही. अहो पण प्रीव्ह्यूत बरोबर होतं ना, तोच तर मुद्दा आहे. चार ईमेल झाले, पुढच्या ऑर्डरवर सूट देतो म्हणाले, रफाराबद्दल एक शब्द नाही. तर मराठीत काही लिहिणार असाल तर दुसऱ्या ॲपमधे लिहा, इमेज म्हणून सेव्ह करा आणि ती फोटोसारखी टाका.

बाबांनी पुस्तक शेवटी हातात घेतलं. आता दोन्ही डोळे नवीन. समुद्राच्या पानावर थांबले, जवळ नेलं, लांब धरलं, आणि म्हणाले छान आहे पण समुद्र एवढा फिका नव्हता. आणि बरोबर आहे त्यांचं. छपाई होते सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांत, त्यातून स्क्रीनवरचा भडक निळा निघतच नाही, मरगळतो. आम्हा बाकी सात जणांना कोणाला दिसलं नव्हतं. मग बाबांनी सवयीने एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा, आणि म्हणाले, "दोन्हीने फिकाच आहे."

पुढच्या वर्षीचं परत इथेच करणार का, तर बहुतेक हो, कारण कागद आणि बाइंडिंग खरंच चांगलं आहे आणि भाचा रोज ते पुस्तक मागतो, स्वतःच्या रांगण्याच्या पानावर थापट्या मारतो. पाचपैकी साडेतीन स्टार. एक ऑटोफिलचा कापलाय. अर्धा रफाराचा, तो नीट छापून दाखवा, लगेच परत देते.