शाडूची ११ इंची गणेशमूर्ती : वापरानंतरचा अभिप्राय

पेणजवळच्या हमरापुरातील एका कारखान्यातून आम्ही यंदा २,६०० रुपयांना शाडूची मूर्ती घेतली. प्लास्टरच्या तेवढ्याच मूर्तीपेक्षा ती जड आणि महाग आहे. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्येच काढली आहेत, शिवाय ज्या पूजेला पार्थिव गणेशपूजन म्हणतात तिच्यात मातीच नसावी हे मला पटत नाही, त्यामुळे दराबद्दल तक्रार नाही. डोळ्यांची आखणी अप्रतिम आहे.

तक्रार आहे ती बांधणीबद्दल. खोक्यात पेंढा कमी पडला होता आणि उजव्या हाताची करंगळी तुटून आली. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, असे आईने लगेच सांगितले. मी संकष्टी न धरणारा आणि देवळाच्या रांगेत न थांबणारा माणूस; माझ्या हिशेबाने तो मातीचा एक कपचा होता, तरीही त्या हाताकडे मला सरळ बघवेना. अखेर गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, ‘‘प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे ना? मग अजून ती मातीच. ओल्या शाडूने जोडा.’’ ज्या कर्मकांडाला मी आजवर हट्टी समजत आलो, त्याच्यापाशी इतके स्वच्छ उत्तर तयार असेल असे वाटले नव्हते. कारखान्याने सोबत शाडूची पुडी दिली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी ज्या डोळ्यांना गुरुजींनी दूर्वांकुराने तूप लावले, त्यांच्यासमोर आरतीत माझा आवाज दाटला. याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही आणि ते शोधण्याची घाईही नाही.

दीड दिवसाने उत्तरपूजा झाली, ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून आईने अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून किंचित हलवली आणि मगच मी ती बादलीत सोडू शकलो. जोडलेली करंगळी सर्वांत आधी सुटली. आईने ती पाहूनही न पाहिल्यासारखे केले. सकाळपर्यंत तळाशी घट्ट गाळ उरला होता. हा गाळ कुंडीत जाड थराने घालू नये, पाणी मुरत नाही.

मुकुट बराच वेळ पाण्याबाहेर राहिला, म्हणून पुढच्या वर्षी ९ इंची मूर्ती सांगितली आहे. खोक्यात पेंढा भरताना मी स्वतः उभा राहणार आहे.