फ्रायनी फिशरच्या संगतीत सात महिने

कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा केरी ग्रीनवूड या ऑस्ट्रेलियन लेखिकेच्या फ्रायनी फिशर या गुप्तहेर बाईवरच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक मोबाइलवर घेतलं. आता जून लागला. अकरा पुस्तकं झाली, बारावं चालू आहे. बरंचसं वाचन अमळनेर-जळगाव गाडीत झालंय. सकाळी खिडकीजवळ जागा मिळाली तर धरणगाव येईपर्यंत एक प्रकरण होतं, संध्याकाळी उभं राहून अर्धंच.

काळ 1928 चा, गाव ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न. फ्रायनी तरुण आहे, श्रीमंत आहे, काळे केस मानेपर्यंत कापलेले, लाल हिस्पानो-सुइझा मोटार स्वतः हाकते, विमानही चालवते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करून आलेली. लग्न करायचं नाही हे तिचं पक्कं आहे. मनाला आला तो पुरुष ती जवळ करते आणि त्याची लाज बाळगत नाही. तिच्या नावाची गोष्ट मला फार आवडली. वडिलांना सायकी नाव ठेवायचं होतं, पण बाप्तिस्म्याच्या दिवशी आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती, तोंडातून फ्रायनी निघालं. हे प्राचीन ग्रीसमधल्या एका गणिकेचं नाव. तेच तिनं आयुष्यभर ताठ मानेनं मिरवलं.

पहिले तीन आठवडे मात्र मी वैतागले होते. पानापानावर कपडे. आज कुठल्या रंगाचं रेशीम, टोपीला कसलं पीस, मोजे कसले, नाश्त्याला काय, रात्री कुठली दारू. मला खुनी कोण ते हवं होतं, म्हणून हे परिच्छेद सरळ ओलांडून पुढे जायचे. मग तिच्या लहानपणाचे उल्लेख मनात रुजत गेले. फ्रायनी जन्मानं श्रीमंत नाही. ती मेलबर्नच्या कॉलिंगवूड या गरीब वस्तीत वाढली. महायुद्धात घराण्यातले वारस मेले म्हणून किताब आणि इस्टेट अचानक तिच्या वडिलांकडे आली. हे लक्षात आल्यावर मी पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं आणि गाळलेले परिच्छेद वाचून काढले. उपाशी झोपलेल्या मुलीलाच टोस्टवर लोणी किती लागलंय ते दिसतं. तिचा थाट हा तिच्या आठवणीचाच भाग आहे, आणि ही मालिका मला धरून राहिली ती यामुळे.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. ग्रीनवूडबाई स्वतः वकील होत्या, मेलबर्नच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात मोफत कायदेशीर मदतीचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. 2025 साली त्या गेल्या. मीही वकील, इथे विधी सेवेच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या पॅनेलवर आहे. आपल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, पण हे माहीत नसलेल्या बाया रोज कोर्टाच्या व्हरांड्यात भेटतात. त्यामुळे पहिल्या पुस्तकातली डॉट भेटली तेव्हा मला ती अनोळखी वाटलीच नाही. मोलकरीण, मालकाच्या मुलानं छळलेली, वर कामावरून काढून टाकलेली, नवीन नोकरीसाठी लागणारी चांगल्या वागणुकीची चिठ्ठीसुद्धा नाही. ती सुरी घेऊन त्याची वाट बघत रस्त्यात उभी आहे. फ्रायनी तिला आधी खाऊ घालते, मग तिचं ऐकते, मग नोकरी देते. हा क्रम ज्यानं लिहिला त्याला पक्षकार माहीत आहेत.

मार्चमध्ये आमच्या गच्चीवर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं काम निघालं. ज्वारीचा घाटा शिजला होता, ओल्या धोतरावर चार जणी बिबडे थापत होत्या, आणि मी सासूबाईंना डॉटची गोष्ट सांगत होते. सुरीपर्यंत आले तशी शेजारच्या काकूंचा हात धोतरावरच थांबला. "मंग पुढे काय व्हयनं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकूंनी त्यांच्या माहेरच्या गावातल्या एका मुलीचं सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. तेवढ्यात घाटा गार झाला, पुन्हा चुलीवर चढवावा लागला.

त्याच पुस्तकात चोरून गर्भपात करणाऱ्याच्या हातून मरायला टेकलेली एक मुलगी आहे. बर्ट आणि सेस या दोन टॅक्सीवाल्यांच्या गाडीत ती कोसळते आणि ते तिला बायांनी बायांसाठी चालवलेल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलात नेतात. हे हॉस्पिटल मेलबर्नमध्ये खरोखर होतं. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा आला 1971 साली, म्हणजे या कथेनंतर त्रेचाळीस वर्षांनी. तो भाग वाचला त्या दिवशी जळगाव स्टेशन कधी आलं ते मला कळलंच नाही.

1928 हे वर्षही उगाच घेतलेलं नाही. त्या वर्षी मेलबर्नच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला, आणि कायद्याचा इतिहास शिकताना ग्रीनवूडबाईंनी त्यावर अभ्यास केला होता. बर्ट-सेस त्याच गोदीतले, कम्युनिस्ट विचारांचे. त्याच 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या, आणि आमच्या अमळनेरात साने गुरुजी पोरांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढत होते. जळगावात बहिणाबाई जात्यावर ओव्या गात होत्या, चाळिशी उलटलेल्या, विधवा. मी ही सगळी माणसं एकाच वर्षात ठेवून वाचते, त्यानं पुस्तक मला जवळचं होतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. रहस्य कच्चं आहे. चौथ्या-पाचव्या पुस्तकापासून गुन्हेगार मला अर्ध्यातच ओळखू यायला लागला. योगायोग फार. आणि फ्रायनी हरतच नाही. गोळीबार होवो, कोणी पळवून नेवो, ती सुखरूप बाहेर येते, त्यामुळे तिच्यासाठी जीव खालीवर होत नाही. जीव खालीवर होतो तो डॉटसाठी, नंतर दत्तक घेतलेल्या जेन आणि रूथसाठी. सलग तीन पुस्तकं वाचू नका, तोचतोचपणा जाणवतो. मी जानेवारीत ती चूक केली आणि महिनाभर हात लावला नाही. इंग्रजी तसं सोपं आहे, फक्त बर्टची गोदीची बोली अडते. सेस बहुतेक वेळा "टू राइट" (अगदी बरोबर) एवढंच म्हणतो, त्याचा त्रास नाही.

2012 पासून आलेली टीव्ही मालिका मी नंतर पाहिली. फ्रायनी झालेल्या एसी डेव्हिस या नटीचा रुबाब बघण्यासारखा आहे, पण तिथे इन्स्पेक्टर जॅक रॉबिन्सनशी प्रेमाचं सूत जुळवलंय. पुस्तकातला जॅक संसारी माणूस, कामापुरता मित्र. मला पुस्तकातलाच बरा वाटतो. बाई आणि पुरुष नुसते एकमेकांच्या कामाचा मान ठेवून वागतात हे वाचायला फार कमी मिळतं.

सुरुवात पहिल्यापासूनच करा, कारण डॉट तिथेच भेटते. दुसरं पुस्तक विमानांचं, ते घाईत वाचलं तरी चालेल. तिसरं मात्र गाडीत वाचा. बॅलरॅटला जाणारी रात्रीची गाडी, पहिल्या वर्गाच्या डब्यात क्लोरोफॉर्म पसरलेला, एक म्हातारी बाई गायब, आणि गाडीत सापडलेली एक पोरगी, जिला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. सध्या सासूबाईंना रोज रात्री जेवणं झाल्यावर तेच सांगते आहे. सकाळी मी डबा भरत असते तेव्हा त्या दाराशी येऊन विचारतात, त्या पोरीला आठवलं का काही?