पावलाच्या शस्त्रक्रियेनंतरची आंघोळ: अंग पुसावे, पिशवी बांधावी की जलरोधक कव्हर घ्यावे?

पावलावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी सोडताना एक सूचना हमखास दिली जाते: टाके निघेपर्यंत ड्रेसिंग कोरडे ठेवा. टाके साधारणपणे 10 ते 14 दिवसांनी काढतात आणि तेवढे दिवस स्वच्छतेविना काढणे कोणालाच शक्य नसते. त्यामुळे ओल्या फडक्याने अंग पुसून भागवावे, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधावी, की खास या कामासाठी मिळणारे जलरोधक कव्हर घ्यावे, हा निर्णय पहिल्या एक-दोन दिवसांतच करावा लागतो. हा निर्णय करताना बहुतेक जण पाणी आत शिरेल की नाही एवढेच पाहतात. ती कसोटी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. पाय किती वेळ खाली राहणार, ओल्या फरशीवर तोल कसा सांभाळणार आणि बांधलेल्या वस्तूचा पोटरीवर किती दाब पडणार, या प्रश्नांचाही विचार त्याच वेळी व्हायला हवा.

शरीराच्या इतर भागांवरील शस्त्रक्रियेनंतर 48 तासांनी शॉवर घेण्याची परवानगी पुष्कळदा मिळते, कारण तोपर्यंत जखमेच्या कडा वरून मिटू लागलेल्या असतात. पावलाच्या बाबतीत डॉक्टर अधिक सावध असतात, आणि त्याला कारणे आहेत. अंगावरून ओघळणारे साबणाचे पाणी शेवटी पावलाशीच येते, पावलाला सूज जास्त येत असल्याने जखमेच्या कडांवर ताण राहतो, आणि तिथले ड्रेसिंग जाड, अनेक थरांचे असल्यामुळे एकदा शोषलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. ओलसर पट्टीखालची त्वचा पांढरट आणि मऊ पडते, तिचा चिवटपणा जातो, आणि बाहेरचे जंतू ओल्या थरांतून जखमेपर्यंत सहज पोहोचतात. बोट सरळ ठेवण्यासाठी त्यातून तार घातली असेल आणि तिचे टोक बाहेर असेल, तर जंतूंना थेट हाडापर्यंत वाट मिळते. अशी तार साधारण 4 ते 6 आठवडे ठेवतात. म्हणजे टाके निघाले तरी कोरडेपणाची जबाबदारी संपत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस भिजले की मऊ पडून त्याचा आधार जातो. फायबरग्लासच्या प्लास्टरचे कवच पाण्याने बिघडत नाही, पण आतले कापसाचे अस्तर भिजते आणि दीर्घकाळ ओले राहते, त्यामुळे ते ‘पाण्याचे’ प्लास्टर आहे अशी समजूत करून घेऊ नये.

पहिले काही दिवस अंग पुसणे हाच पर्याय मला निःसंशय सर्वांत योग्य वाटतो. पाऊल बधिर करण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम कधी कधी पूर्ण दिवसभर टिकतो, तीव्र वेदनाशामक औषधांनी चक्कर येऊ शकते, आणि या काळात पाय बराच वेळ हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवायचा असतो. खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला बसून, पाय उशीवर ठेवून, कोमट पाण्याचे एक भांडे साबणासाठी आणि दुसरे स्वच्छ पाण्याचे घेतले, तर चेहरा, काखा, जांघा आणि पाठ व्यवस्थित स्वच्छ होतात. केस बेसिनवर वाकून वेगळे धुता येतात. मात्र त्यासाठी एका पायावर उभे राहण्याऐवजी बेसिनसमोर बसावे. या पद्धतीत ड्रेसिंगला पाण्याचा धोका जवळजवळ नसतो आणि घसरण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. पाठ आणि दुसरे पाऊल पुसायला कोणाची तरी मदत लागते, आणि चार-पाच दिवसांनी मनाला खऱ्या आंघोळीची ओढ लागते. ही ओढ क्षुल्लक नाही, कारण बरे होत असलेल्या माणसाला ताजेतवाने वाटण्याची गरज असतेच.

त्यानंतर तुलना उरते ती पिशवी आणि कव्हर यांची. पिशवी घरात असते आणि लगेच वापरता येते, पण तिचे तोंड बंद करणे हीच तिची दुबळी बाजू आहे. नुसती चिकटपट्टी लावली तर ओल्या किंवा केसाळ त्वचेवरून ती सुटते, आणि रोज ओढून काढल्याने सुजलेल्या पायावर फोड येऊ शकतात. रबरबँड घट्ट बसवला तर पाणी थांबते, पण शिरांतले रक्तही अडते. पाय फारसा हलत नसताना असा दाब देणे अजिबात योग्य नाही. पिशवीच वापरायची असेल, तर पोटरीभोवती एक लहान कोरडा टॉवेल सैलसर गुंडाळावा, त्यावरून लांब पिशवी चढवावी, तिचे तोंड टॉवेलच्या वर त्वचेवर चिकटपट्टीने बंद करावे आणि वरून दुसरी पिशवी घ्यावी. वरून झिरपलेले थेंब टॉवेल शोषून घेतो. पिशवी घातलेला पाय ओल्या फरशीवर कधीही टेकवू नये, कारण प्लास्टिकखाली पाऊल क्षणात सरकते. स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात, पण तिच्या थरांमधून पाणी आत शिरते, म्हणून मी तो तुलनेत धरतही नाही.

तयार कव्हराचे तोंड लवचीक रबरी पडद्याचे असते. पाय त्याच्या छिद्रातून आत सरकवला की पडदा पोटरीवर सगळीकडून सारखा टेकतो, त्यामुळे गाठ किंवा चिकटपट्टी लागत नाही. काहींचा तळ खरखरीत असतो. योग्य मापाचे कव्हर पिशवीपेक्षा निश्चितच भरवशाचे असते. मात्र पोटरीचा घेर सूज असताना मोजलेला असावा, त्वचेवर तेल किंवा क्रीम नसावे, आणि लॅटेक्सची ॲलर्जी असल्यास दुसऱ्या पदार्थाचे कव्हर निवडावे. ते चढवताना पडदा दोन्ही हातांनी रुंद ताणावा लागतो. हाताची पकड कमजोर असणाऱ्यांना एकट्याने हे जमत नाही. कव्हर घातल्यावर बोटे बधिर, थंड किंवा निळसर झाली, तर ते ताबडतोब काढावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना किंवा रक्तपुरवठा आधीच अपुरा असणाऱ्यांना हा दाब आणि आत शिरलेले पाणी दोन्ही जाणवत नाहीत. त्यांनी टाके निघेपर्यंत अंग पुसण्यावरच थांबावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दोन्हींपैकी काहीही निवडले, तरी निम्मे यश बसण्याच्या पद्धतीत असते. न घसरणाऱ्या पायांचे भक्कम स्टूल घेऊन त्यावर बसावे, शस्त्रक्रियेचा पाय दुसऱ्या स्टुलावर सरळ, पाण्याच्या धारेबाहेर ठेवावा, आणि हातात धरायच्या शॉवरने किंवा मगाने पाणी अंगावर घ्यावे. धार पायाकडे येतच नसेल, तर कव्हराला फक्त शिंतोडे अडवावे लागतात. टबमध्ये बसून पाय कडेवर ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण एका पायाच्या आधाराने टबमधून बाहेर पडणे अतिशय धोक्याचे असते. आंघोळ 5 ते 10 मिनिटांत आटपावी, कारण बंद प्लास्टिकमध्ये घामानेही ओल धरते. अंग आणि कव्हराचा बाहेरचा भाग पूर्ण पुसल्यावरच ते उतरवावे. पहिल्या दिवशी तेच कव्हर किंवा पिशवी निरोगी पायावर, आत कोरडा टिश्यू कागद ठेवून, पाण्याखाली तपासून पाहिल्यास त्याचा भरवसा आधीच कळतो.

एवढे करूनही ड्रेसिंग भिजले, तर पुढे काय करायचे हे ते किती भिजले यावर ठरते. वरच्या थरावर दोन-चार थेंब पडले असतील, तर कोरड्या कापडाने टिपून हेअर ड्रायरची थंड हवा द्यावी. गरम हवा कधीही नको, कारण बधिर पावलाला भाजल्याचे कळत नाही. ओल आतपर्यंत गेली असेल, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा. ड्रेसिंग घरी सोडून नवे बांधण्याचा मोह टाळावा: अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतरची पट्टी पुष्कळदा अंगठ्याला ठरवलेल्या कोनात धरून ठेवत असते. वाढत जाणारी वेदना, लाली, दुर्गंधी, स्राव किंवा ताप असल्यास थांबू नये, आणि पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर तो तातडीचा प्रसंग समजावा.

टाके निघाल्यावर, डॉक्टरांनी जखम पूर्ण मिटल्याचे सांगितले आणि तार राहिलेली नसेल, तर एक-दोन दिवसांनी पावलावरून वाहते पाणी जाऊ देता येते. मात्र पाऊल पाण्यात बुडवून ठेवणे आणि पोहणे आणखी काही आठवडे टाळावे, आणि प्रत्येक आंघोळीनंतर बोटांमधल्या फटी न घासता, टिपून कोरड्या कराव्यात.