कूलरची मोटर आणि ड्रेनेजचा पाइप: घरी बांधलेल्या रॉक टंबलरचं परीक्षण

गारगोट्या आणि अकीक घासून चकचकीत करणाऱ्या रॉक टंबलरची रचना साधी असते. आडव्या ड्रममध्ये खडे, पाणी आणि घासणारी भुकटी भरायची आणि तो ड्रम दोन रुळांवर निदान पाच आठवडे सावकाश फिरवत ठेवायचा. ऑनलाइन मिळणारे खेळण्यातले टंबलर जेमतेम अर्धा किलो खडे घेतात आणि त्यांचे प्लॅस्टिकचे दाते दिवसरात्र किरकिरतात. म्हणून नागपुरात हाताशी असलेल्या सामानातून तीन किलोचं यंत्र बांधणं परवडतं. इथे तपासलेली जुळणी अशी: कूलरच्या पंख्याची १४०० आरपीएमची (मिनिटाला १४०० फेरे) मोटर, १६० मिमी पीव्हीसी पाइपचा ड्रम, रुळांसाठी २० मिमीचे दोन ब्राइट बार (नेमक्या मापाच्या गुळगुळीत सळ्या) आणि चार यूसीपी २०४ बेअरिंग (बोल्टने बसवायच्या पायासकट येणाऱ्या).

आधी निकाल सांगतो. यंत्र चांगलं आहे, पण त्याचं यश झाकणावर, मोटरीकडून रूळ फिरवणाऱ्या पट्ट्यावरच्या जाळीवर आणि अर्थिंगवर अवलंबून आहे. पैसे वाचवायचेच असतील तर मोटरीत वाचवा, या तीन गोष्टींत वाचवू नका.

मोटरीपासून सुरुवात करू. कूलरची मोटर नागपुरात जुलै ते फेब्रुवारी रिकामीच असते, आणि हंगाम संपला की जुन्या कूलरसोबत भंगारातही निघते. ताकद पुरून उरते, कारण सहा-सात किलोचा भरलेला ड्रम रुळांवर फिरवायला फार जोर लागत नाही. तिचा खरा दोष उष्णतेचा आहे. कूलरमध्ये ही मोटर स्वतःच्याच पात्याच्या वाऱ्यात थंड होते. पातं काढून तिथे पुली बसवली की तो वारा बंद होतो आणि तासाभरात मोटरीला हात लावता येत नाही. शाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर असेल तर मागच्या टोकाला लहान पातं लावा, नसेल तर शेजारी छोटा पंखा ठेवा. सर्वसाधारण मोटरी ४० अंश हवेच्या हिशेबाने बनतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर भर उन्हाळ्यात हे यंत्र चालवू नये. तेव्हा मोटर पुन्हा कूलरला लावावी, टंबलरचं काम पावसाळा आणि हिवाळ्याचं.

प्लेटवर आरपीएम वाचल्याशिवाय मोटर घेऊ नका, सगळ्या कूलर मोटरी १४०० च्या नसतात. वेग कमी करायला पंख्याचा रेग्युलेटरही लावू नका. कंडेन्सरवर चालणारी मोटर भाराखाली मंदावली की तापते. वेग पुलीनेच उतरवायचा.

मिक्सरची आणि शिवणयंत्राची मोटर या कामाला पूर्ण अयोग्य आहे. दोन्हींत कार्बन ब्रश असतात आणि दोन्ही थोडा वेळ चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. वॉशिंग मशीनच्या स्पिनरची मोटरही पाच-सात मिनिटांच्या कामाची. गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर शॉकच्या दृष्टीने सुरक्षित आहे आणि मुलांच्या छोट्या ड्रमसाठी चालेल, पण आठवडेच्या आठवडे चालवली तर तिचेही ब्रश झिजतात.

आता वेगाचं गणित. ड्रम फार जोरात फिरला तर खडे भिंतीला चिकटून वर जातात आणि घासणं थांबतं. हा वेग काढायला ४२.३ या आकड्याला ड्रमच्या आतल्या व्यासाच्या, मीटरमध्ये मोजलेल्या, वर्गमुळाने भागायचं. रबर लावल्यावर आपला आतला व्यास साधारण ०.१४६ मीटर उरतो, म्हणून उत्तर सुमारे ११० आरपीएम येतं. काम करायचं ते याच्या ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४४ आरपीएमवर. मोटरीवर २ इंची पुली आणि रुळावर १० इंची पुली लावली की रूळ २८० आरपीएमने फिरतो. रबर चढवलेला रूळ २५ मिमीचा आणि ड्रम बाहेरून १६० मिमीचा, म्हणून ड्रम जवळपास ४४ नेच फिरतो. १० इंची पुली महाग वाटते म्हणून ८ इंची लावली तर वेग ५५ वर जातो. भरडी घासाई त्यावर चालेल, पण पॉलिशच्या वेळी खडे एकमेकांवर आपटतात आणि अकीकवर नखाच्या आकाराचे अर्धगोल तडे पडतात. असा तडा पॉलिशने भरून निघत नाही, खडा पुन्हा भरड्या पावडरीत घालावा लागतो.

सांगाड्यासाठी ३५ मिमीचा लोखंडी अँगल पुरे. इतवारीच्या लोहा ओळीत अँगल आणि ब्राइट बार मापात कापून मिळतात. एक बार ३०० मिमीचा घ्या, ज्या रुळावर पुली बसणार तो ४०० मिमीचा. साधा काळा बार घेऊ नका, तो मापात नसतो आणि बेअरिंगमध्ये अडकतो किंवा डगमगतो. यूसीपी २०४ चा पाया १२७ मिमी रुंद असतो, त्यामुळे दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर त्याहून कमी होऊच शकत नाही. नेटवरच्या नकाशात ९०-१०० मिमी लिहिलेलं असतं, तसं आखून भोकं पाडली की बेअरिंग एकमेकांवर चढतात आणि सगळा अँगल वाया जातो. १३० मिमी धरा. या अंतरावर ड्रम दोन रुळांत नीट खोल बसतो आणि त्याच्याखाली दोनेक सेंटिमीटर जागा उरते. रुळांवर आतून पाऊण इंचाची रबरी नळी साबणाच्या पाण्याने सरकवून चढवा. नळी सैल असेल तर रूळ आतल्या आत फिरतो आणि ड्रम जागेवर थांबतो.

रूळ समांतर नसतील तर ड्रम एका बाजूला सरकत जातो आणि शेवटी खाली पडतो. दोन्ही टोकांना अंतर मोजा, फरक एक मिलिमीटरच्या आत हवा. मग पाणसळ लावून सांगाडा समपातळीत आणा. तरीही दोन्ही बाजूंना नायलॉनचा किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकचा अडसर लावाच. खाली रबरी मॅट टाकली की आवाज निम्म्याने कमी वाटतो, फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांसाठी ती गरजेचीच समजा.

ड्रमसाठी २०० मिमी लांबीचा पाइप घ्या. एका तोंडाला एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवा आणि २४ तास हात लावू नका. सिमेंटचा वास डोक्यात जातो आणि ते पेटतं, म्हणून काम उघड्यावर आणि गॅसपासून लांब. आत ट्रकच्या ट्यूबचा पट्टा पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवा. टोकं एकावर एक न चढवता समोरासमोर जुळवा. ट्यूबचेच सेंटिमीटरभर रुंदीचे तीन पट्टे आडवे लावले की खडे घसरत न बसता वर उचलले जातात. रबर नसेल तर पावडर पीव्हीसीत रुतून बसते. मग पॉलिशच्या टप्प्यात तेच भरडे कण सुटतात आणि महिनाभराच्या कामावर ओरखडे ओढतात. याच कारणासाठी पॉलिशचा ड्रम वेगळा ठेवा, पाइपचा आणखी एक तुकडा काही फार महाग नाही. काचेची बरणी ड्रम म्हणून कधीही वापरू नका. रंगाचे पत्र्याचे डबे गंजतात आणि सांध्यातून झिजून फुटतात.

झाकणाशी बहुतेक घरगुती यंत्रं हरतात. नुसतं दाबून बसवलेलं प्लॅस्टिकचं झाकण दोन दिवसांत पाझरतं, आणि हे पाणी पावडरीचं असतं, बेअरिंगमध्ये गेलं की बेअरिंग संपली. चिकटवून बंद केलेलं झाकण त्याहून वाईट, कारण आत वायू साठला तर वाट उरत नाही. चालतं ते फुगणारं झाकण: दोन चकत्यांमध्ये १० ते १२ मिमी जाड रबराची चकती, मधून स्टेनलेसचा ८ मिमी बोल्ट आणि विंग नट. नट आवळला की रबर बाहेर फुगून पाइपला घट्ट बसतं. बोल्टच्या डोक्याखाली रबरी वॉशर घाला, पहिली गळती तिथूनच होते. दाब वाढलाच तर हे झाकण आधी सुटतं, पाइप फुटायची वेळ येत नाही. रिकाम्या ड्रममध्ये फक्त पाणी भरून बारा तास फिरवून पाहा. थेंबही दिसला नाही तरच खडे भरा.

वायू येतो कुठून? चुनखडी, लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे आणि भट्टीची मळी यांतून. म्हणून भरडा टप्पा सुरू झाल्यावर पहिले चार दिवस रोज एकदा यंत्र बंद करून, तोंड बाजूला ठेवून, नट सैल करायचा. हिस्स आवाज आला तर तो भार उपसून खडे पुन्हा तपासा.

विजेच्या बाबतीत तडजोड चालत नाही. ओलं यंत्र दिवसरात्र चालणार, म्हणून लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवी आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. वायर तीन तारांची, हिरवी तार मोटरीच्या अंगाला आणि सांगाड्याला दोन्हीकडे घट्ट जोडलेली. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा उपयोग घटतो, खड्ड्यात पाणी घालत राहा. मोटर ड्रमच्या खाली कधीच बसवू नका. बाजूला, उंचावर, मध्ये प्लॅस्टिकचा आडोसा. वीज जाऊन परत आली की मोटर आपोआप सुरू होते, तेव्हा कुणाचा हात पट्ट्याजवळ असू नये म्हणून नो-व्होल्ट स्विच लावा. पट्टा आणि दोन्ही पुल्या जाळीने पूर्ण झाका. ओढणी, मोकळे केस, बांगड्या आणि लहान मुलांची बोटं यांपासून लांब ठेवा: यंत्र हळू फिरतंय असं वाटतं, पण मोटरीची पुली १४०० च्याच वेगात असते. घर रिकामं सोडून जाताना यंत्र बंद.

भरण्याचं माप: ड्रमचा दोन तृतीयांश ते पाऊण भाग खडे, म्हणजे सुमारे ३ किलो. अर्धा भरलेला ड्रम खडे आपटून फोडतो, पूर्ण भरलेल्यात काहीच हलत नाही. पाणी वरच्या थराच्या जरा खाली. सिलिकॉन कार्बाइडची घासणारी पावडर खड्यांच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३०० ग्रॅम. पावडरीच्या क्रमांकांचा (आकडा मोठा तितके कण बारीक) क्रम ६०/९०, मग १२०/२२०, मग ५००, शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. प्रत्येक टप्पा सात ते दहा दिवसांचा. पहिला टप्पा खड्यांचे खळगे जाईपर्यंत दोन-तीनदा करावा लागतो, आणि घाई केली तर इथेच पस्तावाल: पहिल्या टप्प्यात राहिलेला खळगा शेवटपर्यंत दिसतो. टप्पा बदलताना खडे, ड्रम आणि झाकणाची खाच ब्रशने धुवा, चिमूटभर भरडी पावडर राहिली तरी पुढचा टप्पा बिघडतो. १०० वॅटच्या मोटरीला दिवसाला २.४ युनिट, पाच आठवड्यांना ८४ युनिट लागतात. खर्चाचा अंदाज बांधताना ही वीज आणि सिलिकॉन कार्बाइड हेच दोन चालू खर्च धरा.

खड्यांच्या बाबतीत नागपूर भाग्यवान आहे. शहर दख्खनच्या ट्रॅपच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाच्या प्रदेशाच्या, पूर्व कडेवर वसलंय, सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. ट्रॅपच्या प्रदेशात गारगोटी, अकीक आणि जॅस्पर मिळतात, आणि तिन्ही ६.५ ते ७ कठीणतेचे (१ ते १० च्या मोह्स मापावर) असल्याने एकत्र घालता येतात. काळा बेसाल्ट स्वतः मात्र चमकत नाही, मंद राखाडीच राहतो. त्याच्या पोकळ्यांतले पांढरे झिओलाइट आणि कॅल्साइट सुंदर दिसतात, पण मऊ आहेत, गारगोटीसोबत टाकले तर आठवड्यात त्यांचा गाळ होतो. चाकूच्या टोकाने ओरखडा उमटला तर तो खडा बाजूला. लिंबाच्या रसाने बुडबुडे आले तर चुनखडी. मनसर, कांद्री, गुमगावकडचा जड काळा मँगनीजचा दगड ड्रममध्ये घालूच नका, त्याचा वाळलेला गाळ धूळ होऊन फुप्फुसात गेला तर मेंदू आणि मज्जातंतूंना अपाय करतो.

हेच गारगोटीच्या धुळीलाही लागू आहे, तिथे धोका सिलिकोसिसचा, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा. खडे फोडताना ते ओले ठेवा, चष्मा आणि एन-९५ मास्क लावा. सांडलेला गाळ वाळू देऊ नका, ओल्या फडक्यानेच पुसा, झाडू फिरवू नका. यंत्र दोन-तीन दिवस थांबणार असेल तर ड्रम रिकामा करून ठेवा, नाहीतर गाळ तळाशी घट्ट बसतो. हा गाळ मोरीत ओतला तर पाइपातही तसाच सिमेंटसारखा जमतो. जुन्या बादलीत तो निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी काढा आणि खालचा ओला गोळा पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.