वापरानंतरचा अनुभव: हवेवर चालणारे रिले आणि स्विचिंग व्हॉल्व्ह

सॉल्व्हंटच्या वाफा असलेल्या खोलीत मिक्सरचं झाकण हवेच्या सिलिंडरने (हवेच्या दाबाने पिस्टन ढकलणाऱ्या) उघडायचं होतं. तिथे विजेची कॉइल घ्यायची तर ती फ्लेमप्रूफ (ठिणगीने बाहेरच्या वाफा पेटणार नाहीत अशी) हवी, त्यामुळे कंट्रोल सगळं हवेवरच घेतलं: लिमिट व्हॉल्व्ह (झाकण टोकाला पोचल्याचा सिग्नल देणारा), टाइम डिले (सिग्नल उशिरा सोडणारा), रिले (छोट्या सिग्नलवर मोठी हवा सोडणारा) आणि सिलिंडरला हवा देणारा ५/२ व्हॉल्व्ह (पाच पोर्ट, दोन स्थिती). काही महिने रोज वापरल्यावर हे लिहितोय.

५/२ व्हॉल्व्हबद्दल तक्रार नाही. पोर्ट १ ला मेन हवा, २ आणि ४ सिलिंडरला, ३ आणि ५ एक्झॉस्ट. १४ आणि १२ हे पायलट, म्हणजे आतला सरकता दांडा (स्पूल) ढकलणाऱ्या हवेच्या सिग्नलचे पोर्ट: १४ ला सिग्नल दिला की हवा ४ कडे, १२ ला दिला की २ कडे. दोन्हीकडून पायलट असल्याने सिग्नल बंद झाला तरी स्पूल जागचा हलत नाही. मात्र समोरच्या पायलटची हवा बाहेर पडलेली नसेल तर नवा सिग्नल कितीही द्या, स्पूल ढिम्म. नवख्याला वाटतं व्हॉल्व्ह जाम झाला.

खरी मेख टाइम डिलेत आहे. नीडल व्हॉल्व्हमधून छोटी टाकी भरते, म्हणजे दाब हळूहळू चढतो. तो थेट स्पूलवर सोडला की स्पूल सरकत सरकत मध्येच रेंगाळतो. मग मेन हवा एक्झॉस्टमधून फस्स् करत वाया जाते आणि झाकण अर्ध्यावर लटकतं. यावर उपाय म्हणजे मध्ये स्नॅप ॲक्शनचा रिले. टाकीचा दाब डायफ्रामवर (लवचिक पडद्यावर) साठत जातो आणि ठरलेल्या दाबाला सीट एकदम उघडते. टक्क असा आवाज येतो आणि मेन लाइनचा पूर्ण दाब स्पूलला मिळतो. टाकीची हवा पुढे जातच नाही, ती फक्त हुकूम सोडते. कॅटलॉगमध्ये हा रिले ‘ऐच्छिक’ म्हणून दाखवतात. माझ्या मते डिले असेल तिथे तो घ्यायलाच हवा.

नॉझल-फ्लॅपरचा (हवा सोडणारं बारीक तोंड आणि त्यासमोरची हलती पट्टी) रिलेही एका ठिकाणी आहे. फ्लॅपर जरासा जवळ आला की नॉझलमागचा दाब वाढतो आणि डायफ्राम हलतो. संवेदनशीलता अफलातून! पण हा ब्लीड प्रकार, मशीन उभं असतानाही हवा सोडत राहतो. ती गळती नव्हे, रचनाच तशी आहे. कॉम्प्रेसरचा हिशोब मात्र आधी करा. त्याचं बारीक छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, त्यामुळे ल्युब्रिकेटरचं (हवेत तेलाचा फवारा मिसळणाऱ्या भागाचं) तेल त्याचा शत्रू. रिलेची हवा ल्युब्रिकेटरच्या आधीच काढून ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून दिली, तेव्हापासून छिद्र तुंबलेलं नाही.

लांब नळीने सिग्नल उशिरा पोचतो, म्हणून शेवटचा रिले सिलिंडरजवळच बसवलाय.

एक कुरबुर राहिलीच. विजेच्या रिलेवर दिवा असतो, इथे काहीच दिसत नाही. बिघाड शोधताना दर वेळी नळ्या काढाव्या लागायच्या. आता प्रत्येक पायलट लाइनला टी घालून छोटा गेज लावलाय. गेज दाब दाखवत असेल आणि झाकण हलत नसेल, तर आधी समोरच्या पायलटचा गेज बघतो.